रस्ता कधी उघडणार?

हिलरी ब्लूर अपघाताच्या जागी पोचली की आमच्या कंट्रोल रूममध्ये कोणीतरी हमखास म्हणायचं, "आल्या ब्लूरबाई. आता गाड्यागाड्यांतून उशा वाटा." सगळे हसायचे. मीही हसायचे. मोटरवेवर कोणी मेलं की पोलीस रस्ता बंद करत आणि अपघाताच्या तपासासाठी हिलरीला बोलावत. तिने 'झालं' म्हटल्याशिवाय तो उघडत नसे. आणि तिचं लवकर कधीच होत नसे.

मी पंचवीस वर्षं त्या खोलीत बसले. समोर चाळीस पडदे, त्यांवर इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशर परगण्याचा आमच्या वाट्याचा मोटरवे. कुठे गाडी बंद पडली, कुठे ट्रकातून बटाटे सांडले, ते बघायचं आणि रस्त्यावरच्या पाट्यांवर मजकूर लावायचा. हिलरीला मी तेवढीच वर्षं ओळखत होते. आधी रेडिओवरचा आवाज म्हणून आणि पुढे मैत्रीण म्हणून. उंच, किडकिडीत बाई. तिचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. लीक गावाच्या बाजूला एका छोट्या घरात एकटी राहायची. तिच्या गाडीत पायाखाली नेहमी एक जुनी उशी असे. मांडीखाली घेऊन डांबरावर बसायला. रबराचा काळा डाग कुठून सुरू झाला आणि कुठे संपला हे बघायला ती तासन् तास रस्त्यावर बसत असे. तपासाचं काम म्हणजे पुष्कळसं हेच. वाकायचं, बसायचं, मोजायचं, लिहायचं, आणि पुन्हा मोजायचं.

ती सुरुवातीपासून अशी नव्हती. पहिली दहा-बारा वर्षं तिचे रस्ते इतरांसारखेच उघडत. मग कीरन सॉल्टची गोष्ट घडली.

कीरन सव्वीस वर्षांचा होता. घरोघरी फरशा बसवायचं काम करायचा. मार्च महिन्यातल्या एका पावसाळी सकाळी, नीट उजाडायच्या आत, त्याची व्हॅन चढावर हळू चाललेल्या एका ट्रकच्या मागे घुसली. तो जागच्या जागी गेला. ट्रकवाला म्हणाला, माझे मागचे दिवे लागलेले होते. ते खरं की खोटं हे ठरवायची एक सोपी खूण असते. दिवा पेटलेला असताना फुटला तर आतली तापलेली तार ताणली जाते. विझलेला असताना फुटला तर तशीच कडक तुटते. फुटलेला दिवा हाताशी असला की प्रयोगशाळेत दहा मिनिटांत उत्तर मिळतं.

त्या सकाळी आमच्या खोलीचा प्रमुख ग्रॅहम पॉइंटन होता. रुंद बांध्याचा, लाल चेहऱ्याचा माणूस. अंगावरचा शर्ट दुपारपर्यंत घामाने चिकटलेला. त्याने दोन तासांत हिलरीला सात वेळा फोन केला. कामावर जायची वेळ, हजारो गाड्या अडकलेल्या, वरून मोठ्या साहेबांचे फोन. सातव्या फोनला हिलरी म्हणाली, "ठीक आहे, घे उघडून." रस्ता झाडणारी गाडी फिरली, काचा गोळा झाल्या आणि वाहतूक सुटली.

ट्रकच्या डाव्या दिव्याचे तुकडे हिलरीच्या पिशवीत होते. तो दिवा बऱ्याच दिवसांपासून बंद होता असं निघालं. उजव्या दिव्याचे तुकडे झाडणाऱ्या गाडीने नेले होते.

सात महिन्यांनी कॉरोनरपुढे, म्हणजे अपघाती मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्यापुढे, चौकशी झाली. ट्रक अंधारात चालला होता की कीरनचं लक्ष नव्हतं, हे ठरवता येत नाही असा निकाल लागला. कीरनची आई नोरीन एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. बाहेरच्या व्हरांड्यात तिने हिलरीला गाठलं. मी तिथे नव्हते, हे हिलरीनेच मला पुढे सांगितलं.

"माझा पोरगा झोपला होता का हो?" नोरीनने विचारलं. "सगळे म्हणतात झोपला असेल, नाहीतर फोन बघत असेल. तुम्ही सांगा."

"मला सांगता येत नाही," हिलरी म्हणाली.

"तुम्ही तिथे होतात ना?"

"होते."

"मग तुम्हाला सांगता येत नाही, तर कोणाला येतं?"

त्यानंतर आठ वर्षं हिलरीने एकही रस्ता आपलं समाधान झाल्याशिवाय उघडला नाही. ग्रॅहमचे फोन ती उचलायची, ऐकायची आणि म्हणायची, "झालं की सांगते." आमच्याकडे उशांचा विनोद सुरू झाला तो तेव्हाच.

आता ज्या दिवसाचं सांगायचं आहे तो जूनमधला गुरुवार. सकाळपासूनच ऊन चढलेलं, इथल्या मानाने फारच. साडेअकराच्या सुमाराला बॅरी मेचिन नावाचा माणूस कडेच्या पट्टीत एक बंद पडलेली मोटार आपल्या ओढगाडीला जोडत होता. मागून आलेली एक गाडी हळूहळू लेन सोडून कडेला सरकली आणि थेट त्याच्यावर गेली. बॅरी त्रेपन्न वर्षांचा होता. गाडी चालवणारी बाई जिवंत होती, पण तिला काही आठवत नव्हतं.

दक्षिणेकडे जाणारा सगळा रस्ता बंद झाला. बारापर्यंत हिलरी तिथे होती. कॅमेऱ्यातून मला ती दिसत होती, पांढरा अंगरखा घालून कडेच्या गवतात ओणवी झालेली. गाडी गवतावर नेमकी कुठून उतरली ते तिला हवं होतं. एकदम वळली असेल तर एक गोष्ट, हळूहळू सरकली असेल तर दुसरी.

दोन वाजता ग्रॅहमने फोन स्पीकरवर टाकला.

"हिलरी, अकरा मैलांची रांग आहे. लोक गाड्यांतून उतरून गवतात बसलेत. एकाने तर घडीची खुर्ची काढलीय."

"बसू दे."

"तीस डिग्री ऊन आहे गं बाई. म्हातारी माणसं आहेत, पोरं आहेत. पाणी वाटायला माझी माणसं पुरत नाहीत. किती वेळ लागेल ते तरी सांग."

"झालं की सांगते."

"हे काही उत्तर झालं का?"

"माझ्याकडे एवढंच आहे, ग्रॅहम."

त्याने फोन ठेवला, जरा जोरातच. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मीना, पाटीवर काय लावलंयस?"

मी वाचून दाखवलं, "'पुढे रस्ता बंद. उशीर होईल.'"

"राहू दे तेच. दुसरं काय लिहिणार? बाईसाहेबांचं मोजून झालं की उघडू, असं?"

रांगेच्या शेपटाकडच्या गाड्या पोलीस उलट वळवून मागच्या फाट्यावरून बाहेर काढत होते. पण ते काम एकेका गाडीचं. मधल्या गाड्यांना पुढेही जाता येत नव्हतं आणि मागेही. तीन वाजता हिलरीने तोच पट्टा पुन्हा एकदा मोजला. ऊन कलल्यावर गवतातली चाकाची खूण जास्त स्पष्ट दिसते म्हणून साडेतीनला पुन्हा फोटो काढले. चार वाजून पंचावन्न मिनिटांनी तिचा आवाज आला, "झालं. घ्या उघडून." एकूण सव्वापाच तास.

दोन आठवड्यांनी ऑफिसात एक पत्र आलं. पाकिटावर नीट, गोल, शाळेत शिकवतात तसं अक्षर. ग्रॅहमने ते वाचलं, थोडा वेळ नुसता बसला आणि मग हिलरीला बोलावून घेतलं. मलाही थांबायला सांगितलं. खोलीचं दार लावून त्याने पत्र मोठ्याने वाचलं.

लिहिणारा विल्फ हीथ, वय एकसष्ट, राहणार चीडल. जन्मभर फरशांच्या कारखान्यात भट्टीवर काम केलेलं. दोन्ही किडन्या गेलेल्या, तीन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्या गुरुवारी सकाळी पावणेअकराला त्याला बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलातून फोन आला. किडनी मिळाली आहे, तुमच्याशी जुळते आहे, दोनच्या आत या. तास-सव्वा तासाचा रस्ता. बायको आयरीन गाडी चालवत होती. बारा वाजायला दहा मिनिटं असताना ती दोघं रांगेत अडकली. हॉस्पिटलने दोनचे तीन केले, तीनचे साडेतीन केले, आणि मग यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावलं.

"'मी तक्रार करत नाही,'" ग्रॅहम वाचत होता. "'पुढे कोणाचा तरी जीव गेला होता हे आम्हाला कळलं होतं. त्याच्या घरच्यांसाठी वाईट वाटतं. मला एकच विचारायचं आहे. पाटीवर लिहिलं होतं, उशीर होईल. आम्हाला वाटलं, अर्धा तास, फार तर तास. पाच तास लागतील असं लिहिलं असतं तर मी गाडीतून उतरून पुढच्या पुलापर्यंत चालत गेलो असतो. मैलभरच होता. तिथे माझ्या भाच्याला गाडी घेऊन बोलावता आलं असतं. पुढच्या वेळी रांगेतल्या माणसांना खरी वेळ सांगता येईल का?'"

ती पाटी मी लावली होती. तीन शब्दांचं एक वाक्य आणि दोन शब्दांचं दुसरं. पाच तास ते मी बदललं नव्हतं.

हिलरी म्हणाली, "त्याने पोलिसांना फोन का नाही केला? एक मोटरसायकल पाठवून काढलं असतं बाहेर."

"ते त्याला विचार," ग्रॅहम म्हणाला. "मी तुला दुसरं विचारतो. तीन ते पाच तू काय केलंस? तोच पट्टा पुन्हा मोजलास. मी कॅमेऱ्यात बघत होतो."

"पहिल्यांदा मोजताना चूक होऊ शकते."

"झाली होती?"

"नाही."

"झालं तर मग."

"ते दुसऱ्यांदा मोजल्यावर कळलं ना, ग्रॅहम. आधी कसं कळणार?"

मला वाटलं आता तो ओरडणार. पण तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "तुला वाटतं मला वरून शिव्या पडतात म्हणून मी फोन करतो," तो म्हणाला. "पडतात, ते आहेच. पण मी इथे आलो त्या पहिल्या वर्षी असाच एक रस्ता बंद होता. चार तास. रांगेच्या शेपटाला एक मोटार थांबली होती, नवराबायको. मागून दुधाचा टँकर आला. त्याला रांग दिसलीच नाही. पुढे एक मेला म्हणून आपण रस्ता बंद ठेवला आणि मागे दोघं मेली. तेव्हापासून रांग वाढायला लागली की मी शेपटाकडच्या कॅमेऱ्यात बघत बसतो. दुसरं काही दिसतच नाही मला."

वीस वर्षं शेजारच्या खुर्चीत बसूनही हे मला माहीत नव्हतं. हिलरीलाही नव्हतं. ती उठली, पत्र हातात घेतलं आणि त्यावरचा पत्ता लिहून घेतला.

"मी जाऊन येते त्यांच्याकडे," ती म्हणाली.

"साहेबांना विचारावं लागेल."

"नाही विचारत."

हिलरीने त्यांना फोन करून कळवलं आणि रविवारी तिच्याबरोबर मी गेले. तिने बोलावलं नव्हतं, मीच म्हटलं, पाटी माझी होती. चीडलमधल्या एका ओळीतल्या विटांच्या घरापुढे गाडी लावली तर आयरीन हीथ दारातच उभी होती. बुटकी, ठसठशीत बाई, हाताची घडी घातलेली.

"मोजणाऱ्या बाई कोणत्या?" तिने विचारलं.

"मी," हिलरी म्हणाली.

"या. तो म्हणतो चहा द्यायचा, म्हणून देते. माझ्यावर असतं तर दिला नसता."

विल्फ खिडकीजवळ बसला होता. चेहरा पिवळट, हाताच्या शिरा सुजलेल्या, पण डोळे हसरे. त्याच्यासमोरच्या कपावर नखाएवढी निळी रेघ होती आणि चहा बरोबर त्या रेघेपर्यंत. दिवसाला किती पाणी प्यायचं ते त्याला मोजून द्यावं लागे.

"त्या दिवशी उन्हात लोक पाण्याच्या बाटल्या वाटत होते," तो म्हणाला. "आणि मी आपला नको, नको म्हणतोय. त्यांना वाटलं म्हातारा फुगलाय."

हिलरीला हसता येईना. तिने सरळ विचारलं, "तुम्ही पोलिसांना फोन का नाही केलात?"

"पुढे माणूस मेलेला. तिथे सगळे धावपळीत. त्यात मी काय सांगायचं, अहो, मला जरा जायचंय?"

"हा असाच आहे," आयरीन म्हणाली. "घराला आग लागली तर शेजाऱ्याला उठवावं की नको याचा विचार करत जळून जाईल. मी फोन हातात घेतला होता, याने काढून घेतला. म्हणे, आत्ता सुटेल. दर दहा मिनिटांनी, आत्ता सुटेल." मग ती हिलरीकडे वळली. "तुम्ही तिकडे मोजत बसला होतात आणि मी इकडे याचं तोंड बघत बसले होते. साडेतीनला फोन आला, त्याने 'थँक यू' म्हणून ठेवला आणि मला म्हणाला, एसी बंद कर, पेट्रोल जाईल. बास. एवढंच बोलला."

"आयरीन," विल्फ म्हणाला.

"गप्प बस. तू पत्रात सगळं गोडगोड लिहिलंस. मला बोलू दे."

हिलरी म्हणाली, "बोला."

पण आयरीनचं बोलून झालं होतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी आपटायला लागली. थोड्या वेळाने विल्फने विचारलं, "कोण होता तो? मेलेला?"

"बॅरी मेचिन. ओढगाडीवाला. बंद पडलेल्या गाड्या न्यायचा."

"आणि त्याचं काय झालं ते कळलं तुम्हाला?"

"कळलं. ती बाई दीडशे यार्ड हळूहळू सरकत आली होती. ब्रेक नाही, वळण नाही. तिला फीट आली होती, डॉक्टरांचे कागद आता आलेत. बॅरीने दिवे लावले होते, जाकीट घातलं होतं, उभा होता तो नियमाने. त्याची काही चूक नव्हती. तिचीही नव्हती. बॅरीच्या पोरींना मी सांगून आले."

"बरं केलंत," विल्फ म्हणाला. मग जरा थांबून, "ती सरकत आली हे किती वाजता कळलं?"

हिलरीने कप खाली ठेवला. ती खोटं बोलली असती तरी तिथे कोणाला कळलं नसतं.

"तीनच्या आत," ती म्हणाली. "पुढचे दोन तास मी खात्री करत होते. त्यात नवीन काही निघालं नाही."

स्वयंपाकघरातला आवाज थांबला होता. विल्फ खिडकीबाहेर बघत राहिला.

"तीनला सुटलो असतो तर साडेतीनला पोचलो असतो का गं, आयरीन?"

"नसतो," आयरीन आतून म्हणाली. "मी काय विमान चालवते का?" ती दारात आली. तिचे डोळे लाल होते. "चारला पोचलो असतो. चारपर्यंत थांबले असते का ते? मला काय माहीत. विचारायचंच नाही आता मला ते."

मग हिलरीने तिला नोरीन सॉल्टबद्दल सांगितलं. दिव्याचे तुकडे, व्हरांडा, 'मला सांगता येत नाही'. मी इतकी वर्षं तिला ओळखत होते, पण ती ही गोष्ट दुसऱ्या कोणाला सांगताना मी पहिल्यांदाच बघितली. समजून घ्या म्हणून सांगत नव्हती ती. हिशेब द्यावा तसं कोरडं सांगत होती.

आयरीन ऐकून म्हणाली, "म्हणजे तिच्या पोराचं माझ्या नवऱ्यावर निघालं."

"हो," हिलरी म्हणाली. "तसंच."

निघताना विल्फ दारापर्यंत आला. "वेळ सांगता येईल का, त्याचं बघा," तो म्हणाला. "चुकली तरी चालेल. माणूस काहीतरी ठरवू शकतो."

परत लीकला घरापुढे उतरताना हिलरी म्हणाली, "मीना, मी फार दमलेय गं." आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात तिने ग्रॅहमला सांगितलं की यापुढे ती पोचल्यापासून अर्ध्या तासाच्या आत वेळ सांगेल. तीन तास म्हटले तर पाटीवर तीन तास लावायचे. वाढले तर लगेच कळवेल आणि का वाढले तेही सांगेल. ग्रॅहमला हे हवंच होतं. पण ती पुढे म्हणाली, "आणि माझ्या पथकातल्या तिघांतला एकजण मी आधी रांगेत पाठवणार. मोटरसायकलवरून, गाडीगाडीशी थांबून. कोणाला डॉक्टर हवाय, कोणाला कुठे पोचायलाच हवंय, विचारत."

"तुझाच माणूस? मग मोजणार कोण?"

"दोघं."

"म्हणजे वेळ आणखी लागणार!"

"वीस मिनिटं. पंचवीस."

"हिलरी, मी तुला रस्ता लवकर उघड म्हणतोय आणि तू आणखी उशिरा उघडायचं कबूल करून घेतेयस."

"तू मला माणूस दे, मग माझा नाही पाठवत."

ग्रॅहमकडे माणूस नव्हता. त्याने हात वर केले.

पहिल्यांदा हे केलं ते सप्टेंबरात. हिलरीच्या पथकातला एकजण नऊ मैलांची रांग विचारत गेला. त्याला एक इन्शुलिन विसरलेले गृहस्थ सापडले, उष्म्याने घामाघूम झालेले दोन घोडे एका पिंजरागाडीत सापडले आणि शाळेच्या सहलीची एक अख्खी बस सापडली, जिच्यातल्या चाळीस पोरींना एकदमच बाथरूमला जायचं होतं. तिघांनी त्याला आईवरून शिव्या दिल्या. एका बाईने त्याला सँडविच दिलं. पाटीवर मी लिहिलं होतं, 'रस्ता बंद. अंदाजे साडेतीन तास.' ते वाचून कितीजणांनी आपले बेत बदलले, कोणाला फोन केले, हे आम्हाला कधी कळलं नाही. असल्या गोष्टींची पत्रं येत नाहीत.

वेळ सांगायची म्हटल्यावर ती पाळायलाही लागते. हिलरीला ते जड गेलं. आधी मनाचं समाधान होईपर्यंत ती बसू शकत होती. आता तीन तास झाले की स्वतःलाच विचारायचं, आत्ता उघडलं तर नेमकं काय हातचं जाईल? उत्तर 'काही नाही, फक्त मला बरं वाटत नाही' असं आलं तर उठायचं. फेब्रुवारीत एका तरुण मुलीच्या अपघातात ती अशीच उठली. आणखी तासभर हवा होता असं तिला वाटत राहिलं. चौकशीला नऊ महिने लागले. त्या नऊ महिन्यांत ती वाळली. जेवणाच्या सुट्टीत समोर बसायची, धिरड्यासारखा, चीज घातलेला ओटकेक अर्धा खाऊन बाकीचा कागदात गुंडाळायची. मी म्हणायचे, खा गं, तर म्हणायची, "त्या पुलाच्या खांबावरचा ओरखडा मी नीट बघितला होता का, मीना?" मला काय माहीत असणार?

चौकशीत त्या ओरखड्याचा विषयच निघाला नाही. निकाल स्पष्ट लागला. मला वाटलं हिलरी सुटली. तिने फक्त मान हलवली आणि विचारलं, पुढचं कोणतं आहे.

विल्फला दुसरा फोन दीड वर्षाने आला. रविवार होता, रस्ते मोकळे, वेळेत पोचले, पण शेवटच्या तपासणीत ती किडनी जुळली नाही आणि ती दोघं परत आली. तिसरा फोन त्यानंतर पाच महिन्यांनी. त्या वेळी जमलं. आयरीनने हिलरीला कार्ड पाठवलं. त्यात लिहिलं होतं, 'झालं एकदाचं. तो आता दिवसभर चहा पितो आणि मला उठबस करायला लावतो.' खाली सही, दोघांची. हिलरीने ते मला दाखवलं आणि पर्समध्ये ठेवलं. मधली दोन वर्षं विल्फने काय काढलं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने नोकरी सोडली. तोवर नवीन यंत्रं आली होती. वरून उडत जाणारा कॅमेरा आणि सगळा रस्ता आपोआप टिपणारं तिपाईवरचं एक यंत्र. पाच तासांचं काम दोनात व्हायला लागलं होतं. निरोपाच्या दिवशी ग्रॅहमने चार ओळींचं भाषण लिहून आणलं होतं. दुसऱ्या ओळीलाच त्याने कागद घडी करून खिशात टाकला. मग नुसताच म्हणाला, "हिलरी, तुझ्याइतका त्रास मला कोणी दिला नाही." तीही म्हणाली, "तुझ्याइतका मलाही." आणि त्यांनी हात मिळवला.

आता ती एका रोपवाटिकेत आठवड्यातून तीन दिवस काम करते. मागच्या महिन्यात मी तिथे गेले होते. तिच्या चहाच्या सुट्टीत आम्ही मागच्या बाकावर बसलो. आमच्याकडे तिच्या जागी एक नवीन मुलगी आली आहे, पर्सिस नावाची, तिच्याबद्दल हिलरीने विचारलं.

"कशी आहे?"

"हुशार आहे. पण वेळ लावते."

"यंत्रं असून?"

"यंत्रं असून. परवा ग्रॅहमच्या जागेवरच्या माणसाशी वाजलं तिचं. तो म्हणाला, यंत्र झालं म्हणतंय, तुझं का नाही होत? ती म्हणाली, यंत्राला कोणाच्या आईसमोर उभं राहायचं नसतं."

हिलरीने विचारलं, "वेळ सांगते का पण आधी?"

"सांगते. रांगेत माणूसही पाठवते."

"मग भांडू दे," ती म्हणाली. "त्याने फोन करत राहायला हवं आणि तिने ऐकायला नको. दोघांपैकी एकजण जरी थकून गप्प बसला ना, तर मग अवघड आहे."

आतून कोणीतरी तिला हाक मारली. टोमॅटोच्या रोपांचा ट्रक आला होता. तिने उरलेला चहा घोटाघोटाने संपवला, हातमोजे चढवले आणि रोपं उतरवून घ्यायला गेली.